स्वच्छ आभाळातली राख

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत. 23 नोव्हेंबर 2025 ला इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या रात्री गुजरात-राजस्थानमार्गे दिल्लीवर पोचली आणि आखाताकडची बरीच विमानं रद्द झाली. गोव्यातल्या कितीतरी घरांची एक खोली आखातात आहे, त्यामुळे ही काळजी लगेच आपल्या ओसरीवर येऊन बसली. म्हणून या अंकात फक्त राखेचीच पत्रं घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी पस्तीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर होते, आधी मुंबईला आणि मग दाबोळीला. वारा, हवामान, इंधन, पर्यायी विमानतळ हे सगळं बघून उड्डाणाचा आराखडा कॅप्टनच्या हाती द्यायचा, हे माझं काम. त्या कागदावर कॅप्टनच्या सहीशेजारी माझीही सही असे.

ताई, माझा मुलगा कुवेतला नोकरी करतो. 27 नोव्हेंबरला त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. 24 तारखेचं त्याचं कुवेत–मुंबई विमान रद्द झालं. व्हिडिओ कॉलवर त्यानं मला तिथलं आभाळ दाखवलं, अगदी निरभ्र. इथे मोपाच्या विमानतळावरही ढगाचा ठिपका नव्हता. तो लग्नाला कसाबसा पोचला, पण हळदीला नव्हता. दिसतसुद्धा नाही अशा धुळीसाठी विमान थांबवायची खरंच गरज होती का?
— एक वाचक, पेडणे

भाऊ, बहिणीच्या हळदीला भाऊ नसणं ही लहान गोष्ट नाही. तुमचं पत्र वाचून मला एप्रिल 2010 मधली दाबोळीची एक सकाळ आठवली. आइसलँडमधल्या एय्याफ्यातलायोकुत्ल या ज्वालामुखीनं तेव्हा युरोपचं आकाश बंद पाडलं होतं. एक लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली होती, कोटीभर माणसं जगभर खोळंबली होती. साळगावच्या एक बाई मुलीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला निघाल्या होत्या. पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या साडीची मऊ दुपटी. मी त्यांना म्हटलं, "आकाश मोकळं झालं की सोडतील." त्यांनी काचेबाहेर बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मळब निवळ आसा मगे, बाय?" आभाळ निवळच तर आहे. माझ्यापुढे रांग होती. "नियम आहे" एवढंच बोलून मी पुढच्या माणसाकडे वळले. त्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर आज तुम्हाला देते.

फेब्रुवारी 2000 च्या अखेरीस नासाचं डीसी-8 जातीचं एक संशोधन विमान रात्रीच्या वेळी कॅलिफोर्नियाहून स्वीडनला चाललं होतं. दोनच दिवसांपूर्वी आइसलँडमधला हेक्ला फुटला होता. ते ठाऊक असल्यामुळे वाट आधीच उत्तरेकडे वळवलेली होती. तरीही राखेचा एक विरळ पट्टा आडवा आला आणि विमान काही मिनिटं त्यातून गेलं. वैमानिकांना ना वास आला, ना काचेवर काही दिसलं, ना इंजिनाचा एखादा काटा हलला. विमानात हवेचे नमुने घेणारी शास्त्रीय उपकरणं होती, म्हणून राखेचा पत्ता लागला. एरवी कुणालाच कळलं नसतं. स्वीडनला उतरल्यावर बाहेरून तपासणी झाली, काही सापडलं नाही. पुढची उड्डाणं करून विमान कॅलिफोर्नियाला परतलं. तिथे इंजिनाच्या आत दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा टर्बाइनच्या पात्यांना थंड ठेवणारी बारीक भोकं बुजलेली दिसली. चारही इंजिनं उतरवून दुरुस्त करावी लागली. खर्च आला बत्तीस लाख डॉलर. अशी पाती आणखी काही काळ तशीच फिरत राहिली असती, तर पुढच्या एखाद्या साध्यासुध्या उड्डाणात, भलत्याच समुद्रावर, ती तुटली असती. भाऊ, मला भीती वाटते ती या प्रकारच्या राखेची. धुराचा लोट डोळ्यांनी दिसला तर कुठलाही वैमानिक त्यात शिरणार नाही.

राखेला "धूळ" म्हणण्यात आपली पहिली चूक होते. चुलीतल्या राखेशीही तिचं नातं नाही. चुलीतली राख म्हणजे जळून उरलेलं. ज्वालामुखीची राख म्हणजे फुटलेला दगड आणि काच. वितळलेल्या खडकात वायू कोंडलेला असतो, तो एकदम सुटला की खडकाच्या ठिकऱ्या उडतात, आणि त्या हवेतच इतक्या झपाट्यानं थिजतात की त्यांची काच होते. शिरगोळ्याची रांगोळी चिमटीत धरल्यावर जशी खरखरते तशी ही लागते, आणि उंचावर दूर वाहत जाणारे कण तर पिठाहूनही बारीक.

प्रमाण किती, तेही सांगते. 2010 पर्यंत नियम साधा होता: राख आहे म्हटलं की तिकडे जायचं नाही. त्या एप्रिलमध्ये युरोपात अख्खा व्यवहार ठप्प झाल्यावर इंजिन बनवणाऱ्यांना आकडा द्यावा लागला. तेव्हापासून तिथे घनमीटरला 2 मिलिग्रॅमपर्यंत विरळ, 4 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे दाट असे पट्टे आखू लागले. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी शाळेची मोठी खोली घ्या. तिच्यात सगळीकडे मिळून चिमूट-दीड चिमूट मीठ उधळलं तर दोन मिलिग्रॅमची हद्द गाठली जाते. त्या खोलीत उभं राहून तुम्हाला काय दिसणार? पण मोठं इंजिन एवढ्या अख्ख्या खोलीची हवा सेकंदाभरात आत ओढतं, आणि कुवेत–मुंबई हा प्रवास काही तासांचा आहे.

राहिलं तुमच्या मुलानं दाखवलेलं आभाळ. कुवेतवर ते निरभ्र होतं, मोपावरही होतं. पण विमान कुवेतहून निघून आखात, ओमान, अरबी समुद्राचा उत्तर भाग असं येतं, आणि त्या दिवशी राख नेमकी त्याच वाटेवरून, विमानं उडतात त्याच उंचीवरून पूर्वेकडे सरकत होती. ज्वालामुखीतून ती सुमारे 14 किलोमीटर वर गेली होती. नोव्हेंबरात सकाळी आपल्या अंगणात पूर्वेचा गार वारा असतो. दहा-बारा किलोमीटरवर उत्तर भारताच्या डोक्यावरून पश्चिमेचा जेट प्रवाह धावत असतो. आपण अंगणातल्या वाऱ्यावरून अदमास बांधतो, राख वरच्या वाऱ्याचं ऐकते. चार हजार किलोमीटरहून लांबची दिल्ली तिनं दीड दिवसात गाठली.

पट्ट्याच्या खालून विमान नेता येतं का? कधी कधी येतं. पण खालच्या दाट हवेत इंधन भराभर जळतं, म्हणजे जास्त भरावं लागतं, म्हणजे सामान किंवा माणसं कमी करावी लागतात. आणि तळाची उंची चुकली तर? 24 तारखेला त्या खुर्चीत मी असते, तर मीही सही केली नसती. एक मात्र तुमच्या मुलाला मिळायलाच हवं होतं: काउंटरवरच्या माणसाकडून दोन मिनिटांचं खरं कारण. ते न देता माणसाला रात्रभर बाकावर बसवून ठेवणं चूक आहे. ती चूक मी स्वतः केलेली आहे.

माझं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा इथल्या झाडांची पानं लाल, घरांच्या भिंती लाल, आमची फुप्फुसंही लाल. ट्रकचा एअर फिल्टर दर आठवड्याला झाडायचा. एवढी धूळ खाऊन डिझेल इंजिन चालतं, मग कोटींचं विमानाचं इंजिन का बंद पडतं? आणि त्याला एअर फिल्टर का लावत नाहीत?
— एक मेस्त्री, डिचोली

मेस्त्री, इतका नेमका प्रश्न मला नोकरीच्या काळात शिकाऊ मुलांनीही विचारला नव्हता.

फिल्टरचं आधी. तुमच्या ट्रकला लागणारी हवा आणि जेट इंजिनाला लागणारी हवा यांची तुलनाच होत नाही. इतकी हवा गाळेल अशी जाळी तोंडावर बसवली तर इंजिनाचा श्वासच कोंडेल, ताकद जाईल, आणि जाळीवर बर्फ धरलं तर वेगळंच संकट. काही हेलिकॉप्टरांना वाळवंटासाठी गाळण्या बसवतात. प्रवासी विमानाच्या तोंडाला काही नाही, ते उघडंच.

आता धूळ. तुमची लाल धूळ म्हणजे लोहखनिज, ते वितळायला दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर जावं लागतं. ज्वालामुखीची काच मात्र अकराशेच्या आसपास मऊ पडते. आणि उंचावर उडताना इंजिनाच्या पोटात, इंधन जळतं तिथे, चौदाशेच्या घरात उष्णता असते. म्हणजे राख पुढच्या भागातून घुसते ती कानशीसारखी, पात्यांच्या धारा खात. जळणाच्या खोलीत तिचा पाक होतो. आणि तिथून मागे टर्बाइनच्या तोंडाशी, जिथे जरा थंडावा असतो, तिथल्या पात्यांवर तो पाक जाऊन चिकटतो. एकावर एक थर बसतात, हवेची वाट अरुंद होते, आतला दाब उलटा फिरतो, मागून ज्वाळा बाहेर पडतात आणि इंजिन विझतं.

याच्या पुढचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. चिक्की करून झाल्यावर कढईला उरलेला गुळाचा पाक आठवा. गरम असताना तो काही केल्या सुटत नाही. गार झाला की उलथन्याचं टोक लावायचा अवकाश, टचकन तडकून निघतो. विझलेलं इंजिन गार होतं तशी आतली काचही तडकते, विमान खाली येत असताना वाऱ्यानं तिचे तुकडे उडून जातात, वाट थोडी मोकळी होते. खालच्या दाट, स्वच्छ हवेत पुन्हा पेटवलं तर इंजिन पेटू शकतं. आज माणसं ही गोष्ट सांगायला जिवंत आहेत ती या तडकण्यामुळे.

वाळवंटातली धूळही इंजिनाला निरुपद्रवी नाही, बरं का. आखातात रोज उतरणाऱ्या विमानांची इंजिनं लवकर झिजतात, त्यांची तपासणीही लवकर येते. पण ती झीज महिन्या-वर्षांची. राखेला मिनिटं पुरतात.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते. विमानात हवामानाचा रडार असतो, मग राख त्यावर का दिसत नाही? आणि दिसत नसेल तर तिचा माग कसा काढतात?
— एक विद्यार्थिनी, वास्को

रडारचं उत्तर तुला अर्ध्या मिनिटात पटेल. विमानातला रडार सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडतो. पावसाचे थेंब मिलिमीटरभर असतात, त्यांच्यावरून त्या परत येतात. दूर वाहत गेलेल्या राखेचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे आणि कोरडे असतात. लहरी त्यांच्यातून सरळ निघून जातात, पडदा काळाच राहतो. रात्रीच्या वेळी वैमानिकाला पावसाळी ढग रडारवर दिसतो, राख दिसत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही दिसत नाहीत.

माग काढतात तो उपग्रहांवरून, आणि त्यामागची युक्ती मला आजही सुंदर वाटते. पृथ्वी रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकते. भूस्थिर उपग्रह ती दोन जवळजवळच्या तरंगलांबींवर मोजतो, एक 11 मायक्रॉनच्या आसपास आणि दुसरी 12 च्या. पाण्याचा किंवा बर्फाचा ढग वाटेत आला तर तो 12 वर जास्त उष्णता शोषतो. सिलिकाची राख आली तर उलटं, ती 11 वर जास्त शोषते. दोन्ही तापमानांची वजाबाकी केली की पाण्याच्या ढगाचं चिन्ह एक येतं आणि राखेचं त्याच्या विरुद्ध. फ्रेड प्राटा या शास्त्रज्ञानं 1989 मध्ये हे मांडलं. आपल्या इनसॅट-3डीआर आणि 3डीएस या उपग्रहांवरही या दोन खिडक्या आहेत.

पण कागदावर जितकं स्वच्छ, तितकं आकाशात नसतं. राखेच्या कणांवर बर्फाचं कवच चढलं तर ती साध्या ढगासारखी दिसते. वर दाट ढग आला की खालची राख झाकली जाते. इंडोनेशियाच्या दमट आभाळात हे नेहमीचंच. आणि वाळवंटातली धूळ वजाबाकीत राखेसारखंच चिन्ह दाखवते. नोव्हेंबरात राख अरबस्तानावरून येत होती हे लक्षात घे, म्हणजे ती बघत बसलेल्या माणसाची परीक्षा तुला कळेल. मग दुसरा पुरावा शोधतात. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो, तो अतिनील किरणांत ओळखू येतो, आणि वाळवंटाच्या धुळीत तो नसतो. हायली गुब्बीच्या ढगात तो भरपूर होता. पण राख आणि वायू वेगवेगळ्या उंचीवर असले तर वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात, तेव्हा वायू दिसला तिथे राख असेलच असं धरून चालत नाही.

हे सगळं जुळवणारी नऊ केंद्रं जगात आहेत: लंडन, तुलूझ, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रियल, ब्युनोस आयर्स, टोकियो, डार्विन आणि वेलिंग्टन. आम्ही त्यांना नुसतं "व्हॅक" म्हणायचो. इथिओपियाची राख फ्रान्समधल्या तुलूझच्या वाट्याला आली. बालीला जाणाऱ्यांची विमानं इंडोनेशियातल्या ज्या लेवोतोबी ज्वालामुखीमुळे वारंवार रखडतात, तो ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या नजरेखाली असतो. केंद्र सहा-सहा तासांनी पत्रक काढतं: राख आत्ता कुठे आहे, आणि आणखी 6, 12 आणि 18 तासांनी कुठे असेल. त्यावरून आपल्या हवामान खात्याची कार्यालयं "सिग्मेट" हा धोक्याचा इशारा देतात, आणि तो डिस्पॅचरच्या टेबलावर येतो.

आता तुझ्या विषयातली गोष्ट. हा अंदाज संगणकाकडून काढताना सगळ्यात आधी विचारतात, राखेचा खांब किती उंच गेला? कारण बाहेर पडणाऱ्या राखेचं प्रमाण उंचीच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. उंची दुप्पट तर राख सुमारे सोळा पट. उंची मोजण्यात पाचव्या हिश्शाची चूक झाली तर राखेचा हिशेब दुपटीनं चुकतो. हायली गुब्बीसारखा ओसाड भागातला, गेल्या बारा हजार वर्षांत फुटल्याची नोंदच नसलेला ज्वालामुखी असला, तर जवळ भूकंपमापक नाहीत, कॅमेरे नाहीत, मोजायला माणूस नाही. म्हणून नकाशावरचा राखेचा पट्टा प्रत्यक्षाहून रुंद काढलेला असतो. लोक त्याला अतिसावधपणा म्हणतात. मी त्याला प्रामाणिकपणा म्हणते. आपल्याला किती माहीत नाही, तेही त्या रुंदीतूनच दिसतं.

माझं वय 71. मुलगा पर्थला आहे, त्यानं बोलावलंय. जावा बेटावर राखेत सापडून विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती, असं शेजारणीनं सांगितलं. खरं का? आणि आमचं विमान असं सापडलं तर काय करायचं?
— एक आजी, मडगाव

खरं आहे, आजी, आणि ती फेरी मुंबईवरूनच पुढे गेली होती.

1982 साली मी 22 वर्षांची होते, सांताक्रूझला शिकाऊ म्हणून लागून तीनच महिने झाले होते. 24 जूनच्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 क्वालालंपूरहून पर्थकडे निघालं होतं. लंडनहून ऑकलंडला जाणाऱ्या या फेरीचा एक थांबा मुंबईला होता. विमानात 248 प्रवासी आणि 15 कर्मचारी. जावाच्या दक्षिणेला, 37 हजार फुटांवर, समोरच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचायला लागल्या. केबिनमध्ये गंधकाचा वास असलेला धूर आला. मग एक इंजिन गेलं, मग दुसरं, आणि मग उरलेली दोन जवळजवळ एकदमच. जावा बेटावरचा गालुंगगुंग एप्रिलपासून धुमसत होता, पण त्या रात्री आपण त्याच्या राखेत आहोत हे विमानात कुणाला ठाऊक नव्हतं.

कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना शांत आवाजात खरं सांगितलं: चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करायचा आम्ही सगळा प्रयत्न करतो आहोत. आजी, इंजिनं बंद पडली म्हणून विमान दगडासारखं पडत नाही. ते घारीसारखं तरंगत उतरतं. एक किलोमीटर खाली येईपर्यंत पंधराएक किलोमीटर पुढे जातं. ते साडेतेरा हजार फुटांपर्यंत खाली आलं, आणि मेस्त्रींना वर सांगितला तो कढईतला पाक तिथे तडकला. एक इंजिन पेटलं, मग बाकीचीही. थोडं वर गेल्यावर पुन्हा राख लागली, एक इंजिन पुन्हा बंद करावं लागलं, आणि तीन इंजिनांवर विमान जकार्ताला उतरलं. पुढची काच राखेनं इतकी घासली गेली होती की वैमानिकांना धावपट्टीचे दिवे धड दिसत नव्हते. समुद्रानं घोळवून आणलेले बाटलीचे धुरकट तुकडे मोरजीच्या वाळूत सापडतात ना, तशी ती काच झाली होती. सगळे 263 जण सुखरूप उतरले.

ती बातमी आली त्या दिवशी आमच्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात जावावर एक लाल टाचणी टोचली आणि मला म्हणाले, "मुली, आजपासून डोंगरही आपल्या हवामानात आले." तीनच आठवड्यांनी त्याच भागात दुसऱ्या एका 747 ला तीन इंजिनं बंद करावी लागली. पुढे डिसेंबर 1989 मध्ये अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमचं नवंकोरं 747 सापडलं. वैमानिकांनी राखेतून वर निसटायला जोर लावला, इंजिनं आणखी तापली आणि चारही विझली. 14 हजार फुटांहून जास्त खाली आल्यावर ती परत पेटली. तेव्हापासून शिकवण उलटी आहे: जोर कमी करायचा, वर चढायचं नाही, आल्या वाटेनं वळून बाहेर पडायचं.

हे वैमानिकाचं झालं. तुम्ही काय करायचं? पट्टा बांधून ठेवायचा, आणि मुखवटा खाली आला तर आधी स्वतःला लावायचा. 1953 ते 2009 या काळात विमान राखेत सापडल्याच्या 129 घटनांची नोंद आहे. त्यांतल्या नऊंमध्ये इंजिन बंद पडलं, आणि एकाही घटनेत माणूस दगावला नाही. तुमचं विमान निघण्याआधी कुणीतरी डार्विनचं पत्रक वाचलेलं असणार. त्या दिवशी उशीर झाला तर तो सोसा. जरूर जा, मुलगा वाट बघत असेल.

राखेमुळे विमान रद्द झालं तर पैसे परत मिळतात का? नुकसानभरपाई?
— एक वाचक, फोंडा

ज्वालामुखी ही कंपनीच्या हाताबाहेरची गोष्ट धरली जाते, त्यामुळे भरपाई मागता येत नाही. पण रद्द झालेल्या विमानाचे पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा, यातलं एक मागायचा तुमचा हक्क आहे. रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा. आणि पुढच्या जोडविमानाचं तिकीट वेगळं काढलेलं असेल, तर पहिली कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. आखातातून मुंबईमार्गे येणारी आपली मुलं इथेच फसतात. जमेल तेव्हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर काढा.

मी सातवीत आहे. गोव्यावर कधी ज्वालामुखीची राख पडेल का?
— एक विद्यार्थी, वाळपई

बाळा, आपल्या सह्याद्रीचा उत्तरेकडचा भाग मुळी ज्वालामुखीचाच आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर वाहिले, त्यांचा काळा दगड महाराष्ट्रभर पसरलाय. गोव्याच्या ईशान्य टोकाला, म्हणजे तुझ्या सत्तरीच्या बाजूला, त्याची कड येऊन टेकते. तो आता कायमचा थंड झालाय, त्याला घाबरू नकोस. आज भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) समुद्रात सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. दीडशेहून जास्त वर्षं झोपून तो 1991 मध्ये जागा झाला आणि अधूनमधून धुमसत असतो. तो लहान आहे, त्याची राख गोव्यापर्यंत येण्याजोगी नाही.

पण फार पूर्वी लांबून आलेली राख भारतावर पडली आहे. सुमात्रातला टोबा सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी फुटला, त्याच्या राखेचा थर आंध्रातल्या ज्वालापुरमला जमिनीत सापडतो, अरबी समुद्राच्या तळातही सापडलाय. आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ती मध्य हिंदी महासागराच्या तळातल्या गाळात ओळखली. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण वाकडे, पातळ, पारदर्शक दिसतात, फुटलेल्या बुडबुड्याच्या भिंतीसारखे. ते खरोखर तेच असतात, वितळलेल्या खडकातले फुटके बुडबुडे. विज्ञानाच्या बाईंना सांगून वर्गातर्फे संस्थेला एक पत्र लिही. असे कण डोळ्यांनी बघायला मिळतील का, ते विचार. उत्तर आलं की मलाही कळव.